हर्ण्याच्या मुलीने हिमालय चढावा काय?

आमच्या हर्ण्याच्या वाडीतील बारावी झालेल्या एका मुलीने हिमालय चढायचे मनावर घेतले आहे. आई धास्तावली आहे. चौकशी आमच्याकडे आली, कारण अर्ज लिहिणे हा आमचा कारकुनी धर्मच!

ही श्रीमंतांची थेरं, असे म्हणणाऱ्यांना आम्ही मालावत पूर्णा आणि आनंदकुमार यांची नावे सांगतो. समाजकल्याण निवासी शाळांची ही मुले २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोचली. पूर्णा १३ वर्षांची, शेतमजुराची लेक. तिने सुरुवात भोनगीरच्या कातळावर केली, मग दार्जिलिंगला प्रशिक्षण घेतले.

दार्जिलिंग, उत्तरकाशी, मनाली येथील सरकारी संस्थांत साधारण चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. त्यात 'अ' श्रेणी मिळाली तरच पुढचा प्रगत वर्ग. म्हणून आधी काही महिने पाठीवर ओझे घेऊन दापोलीच्या रस्त्याचा चढ चढावा, मग खेडकडचे रसाळगड, महिपतगड करावेत.

खरी परीक्षा हवेची. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा. ३,००० मीटरच्या वर मुक्काम रोज ५०० मीटरहून जास्त उंच नेऊ नये. डोके दुखले, ओकारी आली तर लपवू नये. वर चढणे थांबवावे, त्रास वाढला की खाली उतरावे. दम कितीही असो, हा त्रास कोणालाही होतो. आईला आम्ही हेच समजावले. तिने एकच विचारले, "खाली उतरली तर नापास करतील काय?"

वैद्यकीय दाखल्यासाठी दोघी सोमवारी दापोलीला जाणार आहेत.