फेल्ट हॅट आणि मुंडासें

माणसाच्या अंगावर जीं जीं वस्त्रें असतात, त्यांत डोक्यावरचें वस्त्र सर्वांत बोलकें होय. अंगरखा थंडीवाऱ्यापासून रक्षण करतो, वहाणा कांट्यांपासून. परंतु टोपी, पागोटें अथवा फेटा माणसाचा मान मिरवितो. आपली भाषाच याची साक्ष देते. कोणी कोणास फसविलें, तर त्यानें 'टोपी घातली' असें आपण म्हणतों. कोणी पक्ष बदलला, तर त्यानें 'टोपी फिरविली'. आणि भर सभेंत कोणाचा पाणउतारा झाला, तर त्याची 'पगडी उतरली'. अशा या मानाच्या जागीं फेल्ट हॅट चढविली, तर ती समारंभास शोभते कीं केवळ सहलीस, असा प्रश्न वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं यंदा आम्हांस विचारला. संमेलनाच्या दिवशीं कोट-पाटलोणीवर हॅट घालून यावें, असा त्यांचा मनोदय होता. प्रश्न दिसावयास लहान. परंतु विचार करूं लागलों तेव्हां त्याच्या पोटांत बरेंच कांहीं दडलें आहे असें आढळून आलें.

प्रथम त्या हॅटचीच ओळख करून घेऊं. जिला फेडोरा म्हणतात ती मऊ फेल्टची असते. माथ्यावर मधोमध खोलगट घडी, पुढें दोन्ही बाजूंस चिमटा, भोवतीं लवचिक कांठ आणि त्यावर रेशमी फीत. फेल्ट हें मागावर विणीत नाहींत. लोंकर किंवा सशासारख्या प्राण्याचे केस ओले करून, उष्णता व दाब देऊन, ते एकमेकांत घट्ट गुंतवितात. ज्या सोलापुरांत ताणाबाणा घरोघर ठाऊक आहे, तेथें हें वस्त्र परकें वाटावें यांत नवल नाहीं. 'फेडोरा' हें नांवही एका नाटकावरून आलें. व्हिक्तोरियें सार्दू या फ्रेंच नाटककाराचें त्या नांवाचें नाटक १८८२ सालीं पॅरिसमध्यें रंगभूमीवर आलें. त्यांत सुप्रसिद्ध नटी सारा बर्नहार्ट हिनें राजकन्या फेडोराची भूमिका केली, आणि तिच्या मऊ हॅटचा प्रसार आधीं स्त्रियांत झाला! पुरुषांनीं ती उचलली ती मागाहून. खऱ्या समारंभास त्या काळीं उंच रेशमी टोपीच लागे. मऊ हॅट म्हणजे सैल वागणुकीची खूण. पुढें १९२० नंतरच्या दशकांत इंग्लंडचे युवराज ती घालूं लागले आणि तीच सभ्य गृहस्थाची हॅट ठरली. आज कचेरींत ती क्वचितच दिसते. लग्नाच्या छायाचित्रांत आणि महाबळेश्वरच्या सहलींत मात्र दिसते. बोलर नांवाच्या कडक हॅटची कथाही अशीच. १८४९ सालीं ती लंडनमध्यें निघाली ती रानांतील शिकार राखणाऱ्या नोकरांसाठीं; कालांतरानें ती पेढीवाल्यांच्या डोक्यावर जाऊन बसली. सारांश, सदासर्वकाळ समारंभाची अशी टोपी जगांत कोणतीच नाहीं.

आतां विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस सरळ उत्तर देतों. गडद रंगाच्या, नीट बेतलेल्या सुटावर तशाच रंगाची फेल्ट हॅट दिवसाच्या समारंभास शोभते. सदरा-लेंग्यावर अथवा उघड्या गळ्याच्या शर्टावर ती हौसेची होते. शाळेच्या गणवेषावर ती मुळींच शोभत नाहीं, कारण गणवेषाचा अर्थच 'आम्ही सारे सारखे' असा आहे. शिवाय मे महिन्यांत आपल्या शहरीं पारा चाळिसांच्या वर चढतो. तेव्हां फेल्टपेक्षां सुती मुंडासें अधिक शहाणें, कारण तें ऊनही अडवितें आणि घामही टिपतें. आणि हॅटचा शिष्टाचार असा, कीं छताखालीं आलें कीं ती डोक्यावर न राहतां हातांत यावी. म्हणजे ज्या सभागृहांत ती मिरवावयाची, तेथेंच ती काढावी लागते!

येथेंच खरी मौज आहे. पाश्चात्त्य मनुष्य आदर दाखवावयाचा तर डोकें उघडें करतो. देवळांत प्रार्थनेस उभा राहिलेला ख्रिस्ती पुरुष टोपी काढतो. आपल्याकडे गुरुद्वारांत जाणारा डोकें झांकतो, नमाजास जाणारा टोपी घालतो, आणि वडीलधाऱ्यांपुढें जातांना आपल्या आयाबहिणी डोक्यावर पदर घेतात. रीत उलट, भाव एकच. ज्यास हें उमजलें, त्यास दुसऱ्याचें डोकें पाहून हंसूं येणार नाहीं.

हॅट पाहून माणूस ओळखूं जाणारे फसतात, याचें उदाहरण इतिहासांत आहे. डिसेंबर १९२८ मध्यें लाहोरांत साँडर्सचा वध झाल्यावर पोलीस क्रांतिकारकांच्या शोधांत होते. केंस कापलेल्या भगतसिंगांनीं डोक्यावर हॅट घातली, आणि दुर्गाभाभींसह साहेबी थाटांत आगगाडींत बसून ते निसटले. नोकराचा वेष घेऊन बरोबर होते ते आपल्या पुणें जिल्ह्यांतील खेडचे राजगुरू. हॅट म्हणजे साहेब, अशी पोलिसांची समजूत; तीच त्यांस नडली. ज्या समाजास नीटनेटकें वस्त्र ल्यावयाचाही अधिकार शतकानुशतकें नाकारला गेला, त्यांत जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सूट घालीत, प्रसंगीं हॅटही घालीत. तें साहेबाचें अनुकरण नव्हे. मी कोणाहून कमी नाहीं, असें तें न बोलतां बोलणें होतें.

आणि सोलापूरकरांस तर टोपीची किंमत कोणी शिकवावयास नको. मे १९३० मध्यें गांधीजींस अटक झाली, शहर खवळलें, ८ मे रोजीं गोळीबार झाला आणि पाठोपाठ लष्करी कायदा आला. त्या दिवसांत येथें खादीची पांढरी टोपी डोक्यावर असणें हाच अपराध ठरला. बोटभर उंचीचें तें सुती कापड. पण सत्तेस त्याचें भय वाटलें. मल्लाप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांसावर चढले. चौघांच्या घरच्या चालीरीती निरनिराळ्या. परंतु मान एकच, आणि तो कोणीं उतरवूं शकलें नाहीं.

हें सारें आठवावयास एक प्रसंग कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या बक्षीस-समारंभास आम्ही गेलों होतों. दुसऱ्या रांगेंत एक वृद्ध गृहस्थ तांबडें मुंडासें बांधून बसले होते. एका स्वयंसेवकानें त्यांस सांगितलें, "आजोबा, तें काढा, सभ्य ठिकाणीं डोकें उघडें ठेवतात." वृद्धानें निमूटपणें मुंडासें काढून मांडीवर घेतलें. त्याच स्वयंसेवकानें थोड्या वेळापूर्वीं व्यासपीठावरील पाहुण्यांची हॅट दोन्ही हातांनीं उचलून मेजावर अलगद ठेविली होती. पुढें त्या वृद्धाच्या नातवाचें नांव पुकारलें गेलें. मुलानें बक्षीस घेतलें, खालीं उतरला, आणि आपल्या जागेवर न जातां आजोबांजवळ येऊन म्हणाला, "आबा, मुंडासं बांधा." त्यांनीं सावकाश, एकेक वेढा नीट बसवीत तें बांधलें. मुलगा तोंवर शेजारीं उभा होता. कोणी कांहीं बोललें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं हॅट असेल तर संमेलनास खुशाल घालून या, आणि प्रार्थना सुरू होतांच ती हातांत घ्या. परंतु त्या दिवशीं तुमच्याबरोबर मुंडाशाचे आजोबा येतील, टोपीचे चाचा येतील, डोक्यावर पदर घेतलेली आई येईल. त्यांस मागच्या दारानें आणूं नका. मुख्य दारांतून, त्यांचा हात धरून, पहिल्या रांगेपर्यंत चला. आपली हॅट त्यांच्या मुंडाशाहून अधिक सभ्य आहे असें ज्या क्षणीं वाटेल, त्या क्षणीं ती घरीं खुंटीस टांगून ठेवणें उत्तम. पालकांसही आमची एवढीच विनंती, कीं आमच्या दारांत येतांना आपण डोक्यावर जें धारण करीत आलां, तें तसेंच असूं द्यावें. त्यास येथें कोणी हात लावणार नाहीं.