साल धरेपर्यंत

जून-जुलैच्या सुमारास इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या विटांच्या भिंतीवर क्लेमॅटिसची वेल भर बहरात असताना ज्यांनी पाहिली असेल, तळहाताएवढ्या जांभळ्या फुलांच्या त्या गर्दीत भिंत कोठे संपते आणि वेल कोठे सुरू होते याचा ज्यांना क्षणभर उलगडा झाला नसेल, त्यांना ही वेल पहिल्या वर्षी कशी असते हे सांगितले तर ते खरे वाटणार नाही. रोपवाटिकेतून ती घरी येते तेव्हा नऊ सेंटिमीटर रुंदीच्या कुंडीत, बारीक काठीला बांधलेली, सुतळीहूनही कृश अशी एक हिरवी काडी असते. पेरापेराला समोरासमोर दोन पाने, त्या पानांच्या बेचक्यांत मिटलेले डोळे, आणि साऱ्या देहात इतका ठिसूळपणा की कुंडी उचलताना बाहीचा ओझरता स्पर्श झाला तरी ती पेराशी मोडावी. भिंतीवरचे ते सगळे ऐश्वर्य या काडीच्या तळाशी असलेल्या, मातीपासून जेमतेम दोन बोटे उंचीच्या भागातून वर चढायचे असते. आणि नेमका तोच भाग पहिल्या वर्षी सर्वांत कोवळा, रसाळ आणि रात्री बाहेर पडणाऱ्या गोगलगायीला सर्वांत प्रिय असतो.

माझा जीव विशेष जडला आहे तो 'जॅकमनाय' या जातीवर. सरे परगण्यातल्या वोकिंग गावी जॅकमन घराण्याची रोपवाटिका होती. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८५० साली चीनमधून मोठ्या फुलांची लॅनुजिनोसा ही वेल इंग्लंडात आणली होती. तिचा संकर दक्षिण युरोपातून पूर्वीच येऊन स्थिरावलेल्या, लहान फुलांच्या पण काटक अशा व्हिटिसेलाच्या वंशाशी जॉर्ज जॅकमन यांनी १८५८ मध्ये घडवून आणला, आणि त्या रोपांपैकी एकाला १८६२ मध्ये जे गर्द जांभळे फूल उमलले त्याने व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतल्या भिंतींचा, कमानींचा आणि ओसऱ्यांचा रंगच पालटून टाकला. अशा संकराचे बी पेरले तर आईसारखी मुलगी निपजत नाही. म्हणून ही वेल वाढवायची ती कलमानेच, आणि तेही निराळ्या रीतीने. इतर बहुतेक झाडांची काडी पेराच्या लगत खाली कापतात. क्लेमॅटिसची मात्र दोन पेरांच्या मधोमध कापावी, म्हणजे त्या उघड्या दांडीलाच मुळे सुटतात. याचा अर्थ असा, की अस्सल जॅकमनायचे जे रोप आज कोणी कुंडीतून घरी नेतो, ती त्या १८६२ च्या वेलीचीच तुटून पुन्हा पुन्हा रुजत आलेली एक फांदी असते. दीडशे वर्षांहून जुना जीव त्या कृश काडीत वस्तीला आलेला असतो, आणि त्या जीवाची पुढची दोन वर्षे आपल्या हवाली केलेली असतात. कुंडी हातात घेताना मला त्या जबाबदारीचे ओझे खरोखर जाणवते.

आपल्याकडे सह्याद्रीच्या घाटांत पाऊस सरल्यावर करवंदीच्या जाळ्यांवर पांढऱ्या फुलांची चादर पसरणारी मोरवेल याच प्रजातीतली आहे. तिच्या कोवळ्या कोंबांवर कोणी पहारा ठेवत नाही. फुले झडल्यावर तिच्या प्रत्येक बीजाला पिसासारखे शेपूट फुटते, वारा त्यांना दरीभर उधळतो, आणि पावसाच्या पहिल्या महिन्यात जे कोंब वर येतात त्यांतले बहुसंख्य किडे, गोगलगायी आणि गुरे यांच्या मुखी पडले तरी उरलेल्या थोड्यांवर वंश चालतो. रानातल्या वेलीचा भरवसा संख्येवर असतो. बागेत लावलेली वेल एकटी असते. तिच्यासाठी तो संख्येचा आधार माळ्याच्या जागरणाने भरून काढावा लागतो.

ज्या प्राण्यापासून तिला जपायचे, त्याच्याविषयी अज्ञानाने बोलणे मला अन्यायाचे वाटते. ब्रिटनमध्ये शंख नसलेल्या गोगलगायींच्या चाळीसहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींचा उदरनिर्वाह कुजलेली पाने, बुरशी, शेवाळ यांवर चालतो. बिबट्यासारखे ठिपके अंगावर वागवणारी मोठी गोगलगाय तर प्रसंगी आपल्याच जातभाईंना खाते, तेव्हा ती बागेची मित्रच म्हणावी. रोपांचा खरा घात करतात त्या मूठभर जाती, आणि त्यांत अग्रगण्य आहे ती दीड-दोन इंचांची करडी गोगलगाय. तिच्या वरच्या दोन शृंगांच्या टोकांना डोळे असतात, खालची दोन वास घेतात. अंगाच्या उजव्या बाजूला श्वासाचे एक छिद्र उघडते आणि मिटते. पाठीवर शंखाचा आडोसा नसल्यामुळे ऊन आणि कोरडा वारा हे तिचे मृत्यूच असतात, आणि म्हणूनच तिची सारी वहिवाट रात्रीची, दवाची आणि पावसाची. तिच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दातांच्या ओळी असतात. ती अन्न खरवडून खाते. कोवळ्या हिरव्या दांडीवरची त्वचा या जिभेला सहज सुटते, जुन्या तपकिरी सालीवर मात्र तिचे काही चालत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्याचे सारे मर्म एवढ्यातच आहे.

इकडे इंग्लंडात फेब्रुवारी संपत आला, की छाटलेल्या वेलीच्या बुडाशी मातीतून जाडसर, तांबूस कोंब वर येऊ पाहतात. हवा अजून बोचरी असते, पण माती ओली असते, आणि करडी गोगलगाय थोड्याशा उबेवरही हिंडू लागते. कोंब मातीबाहेर डोके काढतो न काढतो तोच रात्रीतून फस्त होतो. मालकाला तो कधी दिसतच नाही, आणि मे महिन्यात तो खेदाने ठरवतो की वेल हिवाळ्यात दगावली. दुसरा प्रकार याहून क्लेशकारक आहे. वाढत्या दांडीची हिरवी त्वचा बुडाशी सभोवार खरवडली जाते, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढताच वरची सगळी पालवी मान टाकते. क्लेमॅटिसला बुरशीमुळे होणारा मर रोग असतोच. १८८० नंतरच्या काळात त्याने इतका कहर केला की या वेलीचा इथला व्यापार पार खालावला. त्यामुळे पालवी कोमेजली की लोक बिनदिक्कत त्या रोगाला दोष देतात. तपास मात्र गुडघे टेकून, मातीशी डोळे नेऊन करावा: देठ आणि पेर काळे पडले असतील तर मामला बुरशीचा, दांडी खरवडलेली, फिकट आणि तिच्यावर वाळलेल्या चिकट रेषेची चकाकी असेल तर रात्रीच्या पाहुणीचा.

बंदोबस्ताचे उपाय प्रत्येक शेजारी सांगतो. कोणी कुंडीला तांब्याची पट्टी चिकटवतो, कोणी अंड्यांच्या टरफलांचा चुरा पसरतो, कोणी खडी, कोणी पाइनच्या सालीचे आच्छादन, कोणी लोकरीच्या गोळ्या. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने या पाचांचीही सॅलडच्या रोपांभोवती रीतसर परीक्षा घेतली आणि २०१८ मध्ये निकाल जाहीर केला, की यांतल्या एकानेही गोगलगायीचा उपद्रव म्हणावा असा कमी झाला नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे श्रद्धेने टरफले साठवली त्यांना हे कटू वाटले असेल, पण सत्य म्हणून ते स्वीकारावे हेच मला योग्य वाटते. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांचा धाक खरा होता; परंतु त्या विषाची झळ पक्ष्यांना आणि छोट्या सस्तन प्राण्यांना लागते, आणि म्हणून २०२२ च्या मार्चअखेरपासून ग्रेट ब्रिटनमध्ये बाहेरच्या जमिनीवर त्यांच्या वापराला मनाई झाली. त्याच महिन्यात सोसायटीने गोगलगायींना उपद्रवी कीड म्हणण्याचा आपला जुना शिरस्ताही सोडला. ज्या बागेत हेजहॉगला कुंपणाखालून वाट मोकळी आहे, बेडकासाठी एखादे डबके आहे, दगडांच्या फटींत काळे भुंगेरे नांदतात, आणि कस्तुराच्या कुळातला साँग थ्रश दगडावर शंख आपटून फोडतो, त्या बागेत गोगलगायींची संख्या आपोआप आटोक्यात राहते. माती पाच अंशांहून उबदार झाली की पाण्यातून सोडण्याचे सूक्ष्म सूत्रकृमीही मिळतात. ते गोगलगायीच्या शरीरात शिरून तिला मारतात आणि वेलीला किंवा पक्ष्याला त्यांचा काही उपसर्ग होत नाही. कुंड्यांसाठी हा उपाय मला पसंत आहे. तरीही सर्वांत भरवशाचा पहारा म्हणजे पाऊस पडून गेल्यावर, अंधार पडून तास-दोन तास झाले की बॅटरी घेऊन स्वतः गस्त घालणे आणि सापडतील तेवढ्या गोगलगायी वेचून कंपोस्टच्या ढिगावर नेऊन सोडणे. तेथे कुजलेल्या पाल्यावर त्यांचे पोट भरते आणि माझ्या कोंबांना तेवढी रात्र मिळते.

ही दया मला परवडते याची मात्र मला सतत जाणीव असते. ज्या २०२२ मध्ये इकडे गोगलगायीची कीड म्हणून असलेली नोंद पुसली गेली, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनच्या नुकत्या उगवलेल्या रोपांचा फडशा पाडला. शेताच्या कडेने गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे अंथरायची, पहाटे त्यांखाली गोळा झालेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, तरी रान साफ होत नाही. मग दुबार पेरणी, मग पंचनामे आणि मदतीची प्रतीक्षा. तेथेही घाला पडला होता तो रोप दोन-चार पानांवर असतानाच. तेवढे दिवस निभावले असते तर पुढचे पीक त्या जिभेला पुरून उरले असते. त्या शेतकऱ्याने मेटाल्डिहाइडची गोळी टाकली म्हणून त्याला दूषण देण्याचा अधिकार मला नाही. त्याच्या रोपाला एकच हंगाम असतो. माझ्या वेलीला मी वर्षे देऊ शकतो.

आणि हीच वर्षे तिचे खरे संरक्षण करतात. नऊ सेंटिमीटरच्या कुंडीतले रोप थेट भिंतीच्या पायथ्याशी लावणे म्हणजे ते गोगलगायीच्या ताटात वाढून ठेवणे होय. ते आधी दोन-तीन लिटरच्या कुंडीत हलवावे, ती कुंडी उंच फळीवर, भिंतीला न टेकता ठेवावी, आणि रोप एक पूर्ण वर्ष तेथेच वाढू द्यावे. या वर्षात त्याचा शेंडा दोन-तीनदा खुडायचा असतो. उंच चढण्याची उत्कंठा घेऊन आलेल्या रोपाचा शेंडा खुडताना मनाला यातना होतात, परंतु खुडलेल्या जागेच्या खालचे डोळे त्यामुळेच जागे होतात, एका दांडीच्या तीन-चार दांड्या होतात, आणि बूड जाड होऊ लागते. केंट परगण्यातल्या आपल्या घरी चार्ल्स डार्विन यांनी आजारपणाच्या काळात क्लेमॅटिसच्या कित्येक जाती जवळ ठेवून न्याहाळल्या आणि १८६५ साली लिनियन सोसायटीपुढे मांडले, की ही वेल पानांच्या देठांनी आधार पकडते. देठाला काठीचा स्पर्श झाला की तो तिच्याभोवती वळतो, आणि एकदा पकड बसली की तोच देठ जाड, कठीण आणि लाकडासारखा होतो. ज्या देठाला काही हाती लागले नाही तो कोवळाच राहतो. हे वाचल्यापासून कुंडीतल्या रोपाला काठ्या मी घाईने आणि विपुल देतो. जाड काठी त्या देठांच्या कवेत येत नाही. बोरूएवढ्या बारीक काड्या आणि सुताची जाळीच त्यांना हवी असते.

वर्षभराने दांडीच्या बुडाचा हिरवा रंग मावळून तपकिरी होतो, नखाने खरवडले तर तंतू लागतात, आणि मग शरदात, माती अजून उबदार असताना, रोप जमिनीत लावायचे. खड्डा खोल घ्यावा, आणि कुंडीत मातीची जी पातळी होती तिच्याहून पाच-सहा सेंटिमीटर खाली रोपाचे बूड जावे. हा नियम मोठ्या फुलांच्या वेलींसाठी मी कधीही मोडू देणार नाही. मातीखाली गेलेल्या त्या पेरांतले डोळे ठेवीसारखे सुरक्षित राहतात; बुरशीने वरचा भाग मारला किंवा गोगलगायीने तो कुरतडला, तरी त्या डोळ्यांतून वेल पुन्हा उगवते, आणि पुष्कळदा मेली म्हणून सोडून दिलेली वेल पुढच्या उन्हाळ्यात जमिनीतून वर येते ती याच तरतुदीमुळे. मुळांवर सावली राहील असे एखादे बुटके झुडूप शेजारी असावे, पण इतके दाट नव्हे की त्याखाली गोगलगायींनी दिवसभर मुक्काम करावा. पहिल्या वसंतात प्लॅस्टिकच्या बाटलीचे तळ-तोंड कापून केलेली नळी कोंबांभोवती दोन बोटे मातीत रोवून ठेवतात. ती मलाही मान्य आहे, मात्र बसवण्यापूर्वी आतली माती बोटांनी चाळून घ्यावी, नाहीतर शत्रू आत आणि पहारा बाहेर असा प्रकार होतो.

पहिल्या फेब्रुवारीत वेल जमिनीपासून एक फुटावर निर्दयपणे छाटावी लागते. जॅकमनाय नव्या फुटव्यावरच फुलते, त्यामुळे ही छाटणी पुढेही दरवर्षी करायची असते, आणि छाटलेले ते एक फूट खोड दरवर्षी थोडे अधिक जाड होत जाते. तिसऱ्या वर्षी त्याची साल उभ्या पापुद्र्यांनी सुटू लागते. पावसाळी रात्री त्या सालीवरून गोगलगायी अजूनही वर चढतात. एखाद्या फुलाच्या जांभळ्या दलाला, जे वास्तविक पाकळी नसून निदल असते, सकाळी भोक पडलेले दिसते, क्वचित वरची दोन-चार पाने चाळणी झालेली असतात. तेवढे त्यांनी खावे. वेलीपाशी आता देण्याइतके असते. मी बॅटरी घेऊन त्या भिंतीकडे जात नाही. उंच फळीवर यंदाच्या कलमांच्या कुंड्या ठेवल्या आहेत, आणि पाऊस थांबला की माझी पावले तिकडे वळतात.