दोन वाट्या पळसाचं पाणी

फाल्गुनात आर्वीला मावशीकडे गेले होते, येताना पिशवीभर पळसाची फुलं घेऊन आले. तिच्याकडे धुळवडीचा रंग अजून घरीच होतो. फुलं रात्रभर भिजत घालायची, सकाळी एक उकळी आणायची, गाळायचं आणि शेवटी चुन्याची निवळी. निवळीचा पहिला चमचा पडला की पिवळट पाणी भगवं होतं, अगदी डोळ्यांदेखत. "चुना नाही टाकला तर नुसतं फुलाचं पाणी ते, रंग कुठला," मावशी म्हणाली. मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, पण इतकं नेमकं वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही.

*

पळसाच्या पाकळीत आयसोब्युट्रिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा गाभा म्हणजे ब्युटीन, आणि त्या गाभ्याला ग्लुकोजचे दोन रेणू जोडलेले. टी. आर. शेषाद्रींसारख्या रसायनशास्त्रज्ञांनी या फुलावर बरंच काम केलंय. साखर जोडलेली असली की द्रव्य पाण्यात सुखाने विरघळतं आणि पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत साठवता येतं. झाडाच्या दृष्टीने हा चोख बंदोबस्त. रंग काढणाऱ्याच्या दृष्टीने मात्र साखर म्हणजे अडसर, कारण ती निघाली की उरणारं ब्युटीन जास्त गडद, जास्त केशरी.

चुना ही साखर काढत नाही. तो पाणी अल्कधर्मी करतो आणि त्यामुळे रेणूचा रंग लालीकडे सरकतो. मावशीचा रंग खरा, पण साखर जागच्या जागी.

*

साखर काढायची तर आम्लात उकळणं हा प्रयोगशाळेतला जुना उपाय. त्यात एक खोट आहे. ब्युटीन मोकळं होतं खरं, पण त्यातलं काही वळसा घेऊन स्वतःलाच बांधून घेतं आणि त्याचं ब्युटिन होतं. ब्युटीन केशरी, ब्युटिन जवळजवळ बिनरंगी. मराठीत लिहिताना दोहोंत फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा. शुद्धलेखनाच्या चुकीने एवढं नुकसान दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही.

म्हणून मनात आलं, आम्ल नको, उकळणं नको. यीस्ट घालून बघू. ते साखरेचंच खातं, तर ही साखरही तोडून खाईल.

*

पहिला प्रयोग. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून ड्राय यीस्टची पुडी आणली. पळसाचं कोमट पाणी, त्यात पाऊण चमचा यीस्ट, वर फडकं. तासाभरात फेस. संध्याकाळी स्वयंपाकघरात ताज्या पावाचा वास, दुसऱ्या दिवशी ताडीचा. तिसऱ्या दिवशी यजमानांनी विचारलं, "हे प्यायचं आहे का?" रंग होता तसाच. किंबहुना थोडा फिकाच, कारण खाली बसलेल्या यीस्टच्या साक्याने त्यातला थोडा ओढून घेतला होता.

यीस्टने फुलातली मोकळी साखर खाल्ली आणि रंगाला बांधलेल्या साखरेकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

*

असं का, ते माझ्याच जुन्या वह्यांत होतं. वर्गात दरवर्षी सांगायचे, स्वतःच्या वाटीला लावायचं मात्र सुचलं नाही.

1894 साली बर्लिनमध्ये एमिल फिशरने दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, घेतली. एक यीस्टच्या अर्कातलं, दुसरं बदामातलं, ज्याला इमल्सिन म्हणतात. आणि दोन साध्या साखरसंयुगांवर ती चालवून पाहिली. दोन्हींत अणू तेच, संख्या तीच, फरक एका जोडाच्या दिशेचा. एकाला अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा. यीस्टच्या अर्काने अल्फा तोडलं, बीटाला हात लावला नाही. बदामाच्या इमल्सिनने बरोबर उलट केलं. यावरून फिशरने लिहिलं की विकर आणि पदार्थ यांचं नातं किल्ली-कुलपाचं आहे. आज शाळेच्या प्रत्येक जीवशास्त्राच्या पुस्तकात असलेली ती किल्ली आणि ते कुलूप मूळचं यीस्ट आणि बदामाच्या भांडणातलं आहे.

पळसातली साखर बीटा जोडाची. फुलांतल्या रंगांना बांधलेलं ग्लुकोज सहसा तसंच असतं. म्हणजे मी तीन दिवस कुलपात चुकीची किल्ली फिरवत बसले होते.

*

अल्फा-बीटाचा फरक मुलांना समजावताना मी ज्वारी घ्यायची. दाण्यातला स्टार्च म्हणजे अल्फा जोडांची साखळी, कडब्यातलं सेल्युलोज बीटा जोडांची. दोन्ही ग्लुकोजच. भाकरी आपण खातो, कडबा बैल खातो, आणि तोही पोटातल्या जंतूंच्या जिवावर. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, मग आपल्या पोटात ते जंतू सोडले तर?" त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

*

'एन्झाइम' या शब्दाचा अर्थच मुळी 'यीस्टमध्ये'. व्हिल्हेल्म क्यूने याने 1870 च्या दशकात ग्रीकवरून तो घडवला. तेव्हा आंबवणं हे जिवंत पेशीचंच काम, असं पुष्कळांचं ठाम मत होतं. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटलं, पिळून रस काढला आणि त्या निर्जीव रसात साखर आंबते हे दाखवलं. 1907 चं नोबेल त्यावर मिळालं.

आपल्याकडे पाठ्यपुस्तकाने 'विकर' दिला. नीटस शब्द आहे, पण त्यात पिठाचा वास नाही. 'किण्व' जास्त आवडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्य आंबवायच्या विरजणाला हाच शब्द आहे. बेकरीवाले अर्थातच दोन्ही शब्द वापरत नाहीत. ते खमीर म्हणतात आणि काम चालू ठेवतात.

*

सगळी यीस्टं बेकरीच्या यीस्टसारखी नसतात, हे इथेच नोंदवून ठेवते. 'यीस्ट' हे आडनाव आहे, त्यात कुळं पुष्कळ. द्राक्षाच्या सालीवर राहणारं हान्सेनियास्पोरा, खारट ठिकाणी तगणारं डेबारिओमायसेस, यांच्यातल्या काही वाणांकडे बीटा-ग्लुकोसिडेज म्हणजे बीटा जोड तोडणारं विकर चांगलं असतं. आणि मेच्निकोविया. हे यीस्ट फुलांच्या मधुरसात सापडतं, मधमाशीबरोबर एका फुलावरून दुसऱ्यावर जातं, आणि त्याच्याही काही वाणांत हे विकर आहे. फुलाचं कुलूप उघडणारी किल्ली फुलाच्याच ओसरीवर राहते. ही मंडळी पुडीत मिळत नाहीत, एवढीच अडचण.

शिवाय मिळाली तरी दुसरी अडचण आहेच. बीटा-ग्लुकोसिडेज ग्लुकोज सोडत जातं आणि साचलेलं ग्लुकोज त्याच विकराला अडवतं. काम जसं पुढे जातं तसा कामगार मंदावतो. मोकळी साखर लगोलग खाऊन टाकणारं कोणी सोबत असेल तर बरं. बेकरीच्या यीस्टला तिथे मात्र नोकरी मिळू शकते.

*

झेंडूचं गणित वेगळं. तिथे साखर नाही, चरबी आहे.

झेंडूच्या पिवळ्यात मुख्य द्रव्य ल्युटीन. ते मोकळं क्वचितच असतं. त्याच्या दोन्ही टोकांना पामिटिक, मिरिस्टिक अशी मेदाम्लं चिकटलेली असतात. दसऱ्याच्या तोरणातली पाकळी चुरून बोटाला लावून पाहा. पाण्याने डाग जात नाही, गोडेतेलाने जातो.

हा व्यवसाय मोठा आहे. कर्नाटक, तमिळनाडूत कंत्राटावर गडद नारिंगी झेंडू लावतात. फुलं आधी दाबून आंबवतात, अगदी गुरांच्या मुरघासासारखी. मग पिळून, वाळवून, हेक्झेनमध्ये रंग उतरवतात. हाती येतं ते काळपट, दाट, चिकट तेल, ओलिओरेझिन. ते कोंबडीच्या खाद्यात गेलं तर अंड्याचा बलक पिवळाजर्द. माणसाच्या डोळ्यांसाठीच्या गोळीत घालायचं तर बहुधा मेदाम्लं काढून मोकळं ल्युटीन करतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तापवायचं, मेदाम्लांचा साबण होतो, धुऊन टाकायचा. स्वस्त, झटपट, पण पाणी फार लागतं आणि सांडपाणी त्रासदायक.

इथे एका यीस्टचं विकर खरंच कामाचं आहे. कॅन्डिडा रुगोसा. त्याचं लायपेज तेल आणि पाणी जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर बसून मेदाम्लाचा जोड सोडवतं. अंगाच्या उबेइतक्या तापमानाला, साबण न करता. दोन टोकांपैकी एक सुटतं, दुसऱ्याला वेळ लागतो, आणि अर्धवट सुटलेला माल मध्येच साचतो. लायपेज महागही पडतं. त्यामुळे कारखान्यात अजून क्षारच जास्त चालतो.

गंमत म्हणजे या सुटकेने रंग तसूभरही बदलत नाही. ल्युटीन बांधलेलं असो की मोकळं, पिवळेपणा तोच. बदलतं ते एवढंच की ते कशात मिसळतं. पळसाच्या अगदी उलट. 'रंग मोकळा केला' असं कोणी म्हणालं की मी आता आधी विचारते, कशातून?

*

कोंबडीची एक बाजू राहिली. तिला खायला देतात ते मेदाम्लं चिकटलेलं ल्युटीन, बलकात उतरतं ते बहुतेक मोकळं. म्हणजे कारखाना ज्यासाठी क्षार आणि लायपेज यांचा हिशेब मांडत बसतो ते काम तिचं आतडं दाणे टिपता टिपता करतं.

*

कॅन्डिडाच्या या लायपेजची एक भानगड वाचून मी दिवसभर खूश होते. सगळ्या सजीवांत आनुवंशिक लिपी जवळपास एकच. त्या लिपीतलं 'सीयूजी' हे त्रिक सर्वत्र ल्युसीन या अमिनो आम्लासाठी वाचलं जातं. हे यीस्ट ते सेरीन म्हणून वाचतं. 1989 मध्ये जपानी संशोधकांनी हे 'नेचर'मध्ये दाखवलं. परिणाम असा की याचं जनुक उचलून दुसऱ्या सूक्ष्मजीवात घातलं तर तो ते इमानदारीने वाचतो, आणि विकर भलतंच बनवतो. एकेक त्रिक दुरुस्त केल्यावरच धड माल निघतो. पुणेकराची बोली नागपुरात जशी ऐकली जाते, तसं काहीसं.

*

सुटका नेहमी भल्याची नसते. लाल, जांभळ्या फुलाफळांतली अँथोसायनिनं साखरेच्या आधारानेच टिकतात. तो जोड तोडला की उरलेला गाभा पाण्यात तग धरत नाही, रंग उडतो. नाशिककडे वाइन करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. पांढऱ्या द्राक्षांत सुगंध खुलवायला बीटा-ग्लुकोसिडेज चालतं, लाल वाइनमध्ये तेच विकर रंगाचा घात करू शकतं. गोकर्णाची निळी फुलं म्हणून मी या भानगडीत पाडलीच नाहीत. ती गरम पाण्यात टाकावीत, लिंबू पिळावं, जांभळी झालेली पाहावीत आणि प्यावीत.

*

पारिजातकाचे देठ. सकाळी अंगणात पडलेली ओंजळभर फुलं, देठ खुडून सावलीत वाळवलेले. त्यातला केशरी रंग आणि केशरातला रंग हे एकाच कुळातले. दोहोंचा गाभा क्रोसेटिन, त्याला साखर जोडलेली. साखर असेतोवर दुधात, पाण्यात सहज उतरतो. साखर तोडली तर क्रोसेटिन पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. श्रीखंडात केशर घालणाऱ्या बाईला या सुटकेचा काय उपयोग?

*

आपल्या दारचा अनंत म्हणजे गार्डेनिया. त्याच्या फळातही हाच केशराचा रंग असतो. पण जपान्यांनी त्याच फळातून निळा काढला. फळात जेनिपोसाइड नावाचं रंगहीन द्रव्य असतं, बीटा-ग्लुकोसिडेजने त्याची साखर तोडली की जेनिपिन मिळतं. तेही रंगहीन. मग ते अमिनो आम्लांना भेटतं आणि निळं होतं. हाताला लागलं तर हातही निळा, कारण कातडीतही प्रथिनं आहेतच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2025 मध्ये या निळ्याला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली.

माझ्या अनंताला मात्र फळ धरत नाही. बागेतला अनंत बहुधा दुहेरी पाकळ्यांचा, त्याचे पुंकेसर पाकळ्या होण्यात खर्ची पडलेले.

*

दुसरा प्रयोग, बदामाचा. आठ गोडे बदाम भिजवले, सोलले, वाटले, गाळले. (कडू बदाम घेऊ नयेत. त्यांच्यात हेच विकर साखर तोडून सायनाइड सोडतं. इमल्सिन सापडलं ते 1837 साली, व्होलर आणि लीबिग यांना, कडू बदामाच्याच अभ्यासात.) दूध पळसाच्या पाण्यात मिसळलं. वाटी उन्हापासून दूर, उबदार कोपऱ्यात ठेवली.

संध्याकाळी पाहिलं तर रंग गडद वाटला. यजमानांना दाखवला. "बदाम खीर," ते म्हणाले. दुधाच्या पांढऱ्यात नजर फसते हे खरंच. पातळ मलमलीतून दोनदा गाळलं, तरी धुरकट. रंग बदामाने गडद केला, की हवेने, की माझ्या इच्छेने, हे त्या वाटीवरून सांगता येईना. पोरांना तीस वर्षं ज्यासाठी गुण कापले तीच चूक. तुलनेला दुसरी वाटी नव्हती.

पिशवीतली फुलं संपली. आता पुढच्या फाल्गुनात.

*

तुमच्याकडे पळस फुलतो तेव्हा कोणाला हे करून पाहायचं असेल तर यीस्टच्या पुडीवर पैसे घालवू नका. बदाम घ्या. वाट्या दोन ठेवा, आणि दुसऱ्या वाटीतलं बदामाचं दूध आधी दहा मिनिटं खळखळून उकळून, गार करून मग घाला, म्हणजे त्यातलं विकर मेलेलं असेल. सकाळी दोन्ही वाट्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा आणि काय दिसलं ते मला कळवा.