सिस्टर आधी बाळाकडे बघत

माझी मुलगी दिवस पुरे व्हायच्या आत जन्मली. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत तिला ठेवलं होतं. रक्तातला ऑक्सिजन आणि ठोके मोजणारा, पायाला गुंडाळलेला प्रोब लागला की इवलंसं पाऊल आरपार लाल दिसे. कातडी इतकी कोवळी, की छातीवरची चिकटपट्टी ओढली तर पापुद्राच निघावा. रात्रपाळीच्या सिस्टर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पट्टीच्या कडेला धरत आणि ती आपणहून सुटेपर्यंत थांबत. प्रोब दर थोड्या तासांनी या पायावरून त्या पायावर. एवढी बाळं सांभाळून ही सवड त्या कुठून काढत, देव जाणे! आज मुलीच्या पायांवर एकही वण नाही, ते त्यांच्यामुळे.

अलार्म वाजला की मी मॉनिटरवरच्या आकड्याकडे बघे. सिस्टर आधी बाळाकडे बघत. ओठांचा रंग, छातीची हालचाल. मग म्हणत, “दादा, पाय झाडलाय तिनं. बाळ ठीक आहे.”

प्रोबला नावं ठेवणं मला जमणार नाही. 1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागींनी त्यामागचं, पल्स ऑक्सिमेट्रीचं तत्त्व मांडलं, त्यांचंही देणं माझ्यावर आहे. पण ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयातला प्रयोग वाचला तेव्हा आठवल्या त्या सिस्टरच. लायोनेल तारासेंको, मॉरिसियो विलारोएल आणि सहकाऱ्यांनी तिथे अपुऱ्या दिवसांच्या 30 बाळांवर नुसता कॅमेरा रोखला. अंगाला काही चिकटवायचं नाही. हृदयाच्या ठोक्यागणिक कातडीतलं रक्त किंचित वाढतं, ओसरतं. रक्त हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, त्यामुळे कातडीचा रंग आपल्याला कळणार नाही इतका बदलतो. कॅमेऱ्याला तो कळतो. छातीच्या हालचालीवरून श्वासही मोजता येतात. 2019 च्या त्यांच्या निबंधात ठोक्यांमधली सरासरी चूक मिनिटाला 2.3 आहे, तीही मोजणी शक्य झाली तेवढ्या वेळातली. बाळ वळवळलं, दुपट्यात गेलं, कुणी मध्ये आलं, की कॅमेरा गोंधळतो. सिस्टर गोंधळत नसत.

हे यंत्र आपल्याकडे आणू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन प्रकाश शोषतं, ठोक्याची खूण फिकी पडते. तेव्हा आपल्या बाळांवर, आपल्या वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली ते आधी पारखून घ्या. आणि पारखायला बसाल तेव्हा रात्रपाळीच्या एखाद्या सिस्टरना शेजारी खुर्ची द्या.