बावीस पायऱ्या

माझी आत्या ठाण्यातच लहानाची मोठी झाली. टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या चाळीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, तिचे सारे आयुष्य गेले. पहाटे उठून तलावपाळीला एक फेरी घालावी, कोपिनेश्वराचे दर्शन घ्यावे, जांभळी नाक्याच्या बाजारात घासाघीस करून भाजी घ्यावी आणि भरलेली पिशवी घेऊन पायीच घरी परतावे, असा तिचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. रिक्षात बसणे म्हणजे देवाने दिलेल्या पायांचा अपमान करणे, असे तिचे ठाम मत. वयाच्या ७९व्या वर्षापर्यंत तिने ते कसोशीने पाळले.

एका पावसाळी सकाळी ती आपल्याच घराच्या उंबरठ्याला अडखळून पडली. ज्या उंबरठ्यावर तिने साठ वर्षे रांगोळी रेखली, त्यानेच तिला दगा दिला. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. पुढे हाड सांधले, प्लास्टर निघाले आणि दुखणे संपले, असे आम्ही सर्वांनी मानले. परंतु खरे दुखणे त्यानंतरच सुरू झाले. आत्याने घराबाहेर पाऊल टाकणेच सोडून दिले.

"पाय दुखतात का?" मी विचारले.

"पाय कशाला दुखतील? पडले ती हातावर," ती म्हणाली. "पण उंबरठ्याशी गेले की छातीत धडधडतं रे. नको वाटतं."

तिला भीती वाटत होती. भीतीमुळे ती बसून राही, बसून राहिल्यामुळे पायांतील बळ कमी होई, आणि बळ कमी झाले की उभे राहताना तोल खरोखरच जाई. मग भीती अधिकच वाढे. घाण्याला जुंपलेल्या बैलाप्रमाणे हे दुष्टचक्र फिरत होते. तीन महिन्यांत आत्या पाटावरून उठताना भिंतीचा आधार घेऊ लागली आणि पाचव्या महिन्यात तिने पाटच उचलून ठेवला.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. आत्या पडली, त्यापूर्वीच आमच्या गल्लीत वृद्धांसाठी भौतिकोपचाराचा, म्हणजे ज्याला सर्वजण फिजिओथेरपी म्हणतात त्याचा, एक वर्ग सुरू झालेला होता. तो सुरू करणाऱ्या चौघांपैकी मी एक. मी नोकरीतून निवृत्त झालो होतो, हाती वेळ होता आणि काहीतरी लोकोपयोगी करून दाखवावे अशी हौसही होती. शहरातील एका भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी आठवड्यातून तीन सकाळी एकेक तास विनामूल्य देण्याचे कबूल केले. एका संस्थेने आपले सभागृह भाडे न घेता वापरू दिले. साठीच्या पुढच्या कोणीही यावे. शुल्क नाही, नावनोंदणीची कटकट नाही, जातपात वा ओळखदेख कोणी विचारणार नाही. पहिल्याच महिन्यात अठरा जण येऊ लागले. मी तो आकडा ज्याला त्याला सांगत असे.

त्या वर्गात काय चाले, हे तुम्हांला सांगितले पाहिजे. कारण मलाही ते पाहीपर्यंत ठाऊक नव्हते. मला वाटे, तेथे विजेची यंत्रे आणि औषधी तेले असतील. प्रत्यक्षात तेथे होत्या केवळ खुर्च्या. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकायच्या. एका पावलापुढे दुसरे पाऊल, टाचेला अंगठा भिडवून, दोरीवर चालल्याप्रमाणे ठेवायचे. हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. पोरखेळच तो! पण तुम्ही एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटून घ्या. अंग कसे डोलू लागते, ते पाहा. आपण उभे राहतो तेव्हा डोळे, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि तळपाय ही तिन्ही मेंदूला सतत वार्ता पोचवीत असतात, आणि मांड्या व पोटऱ्यांचे स्नायू त्या वार्तेबरहुकूम आपल्याला सावरतात. म्हातारपणी वार्ता उशिरा पोचते आणि स्नायूही दुबळे झालेले असतात. मात्र सवयीने दोन्हींत सुधारणा होते, ऐंशीव्या वर्षीसुद्धा होते. म्हणूनच पासष्ट वर्षांवरील माणसांनी तोल आणि बळ वाढविणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. जगात अपघाती इजेने जे मृत्यू होतात, त्यांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, असेही तिचे म्हणणे आहे.

बाईंनी एकदा आम्हांला या विद्येचा इतिहास सांगितला. १९५२ साली मुंबईत पोलिओच्या साथीने कित्येक लहान मुलांचे पाय लुळे पडले. त्यांना पुन्हा उभे करावे, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचार शिकविणारी देशातील पहिली शाळा निघाली. पुढे पोलिओ हटला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. मुलांना चालावयास लावण्यासाठी या देशात आलेली ती विद्या आता आजी-आजोबांच्या कामी येत आहे. आणि आजी-आजोबा तरी थोडे का आहेत? २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची सुमारे १० कोटी ४० लाख माणसे या देशात होती. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१० साली जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात जिल्हा रुग्णालयांत भौतिकोपचाराची सोय योजिलेली आहे. आमचे जिल्हा रुग्णालय तर टेंभी नाक्याच्या अगदी जवळ होते. २०२३ साली जुन्या जागी नवी, मोठी इमारत उभारण्यासाठी ते काही काळापुरते मनोरुग्णालयाच्या आवारात हलविण्यात आले. तुमच्याआमच्या लेखी ते अंतर फार नव्हे. पण आत्या उंबरठाही ओलांडत नव्हती! तेव्हा घराशेजारी आपला वर्ग आहे, ही केवढी सोय, असे मला वाटले आणि मी आत्याच्या मागे लागलो.

पंधरा दिवस ती "म्हाताऱ्यांची कवायत मला नको" म्हणत राहिली. अखेर माझा शब्द मोडवेना, म्हणून एके सकाळी ती लुगडे नीटनेटके करून निघाली. माझा हात घट्ट धरून, तीन ठिकाणी थांबत, ती सभागृहाच्या दारापर्यंत आली. तेथे तिने मान वर करून पाहिले.

सभागृह पहिल्या मजल्यावर होते.

आत्या बराच वेळ त्या जिन्याकडे पाहत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "अरे, ज्याला हा जिना चढता येतो, त्याला वर नेऊन शिकवायचं काय?"

मला उत्तर सुचले नाही. ती मागे फिरली.

त्या दिवशी वर्गात बसून मी त्या अठरा जणांकडे प्रथमच नीट पाहिले. दोघे रोज तलावाला चार फेऱ्या घालणारे. एक गृहस्थ गडावर चढून आलेले. सगळी तुरतुर चालणारी, हसतमुख माणसे. त्यांना व्यायामाचा लाभ होत नव्हता असे नाही. परंतु ज्यांच्यासाठी आम्ही हा खटाटोप मांडला होता, त्यांतले तेथे कोणी नव्हते. कोण आले ते मी मोजले होते. कोण आले नाही, हे मोजण्याचे मला सुचलेच नव्हते.

ते सुचले शेजारच्या सातवीतल्या मुलाला. आत्या त्याला लहानपणापासून लाडू देत आलेली, तेव्हा ती वर्गाला न जाताच परत आली, हे त्याच्या मनाला लागले असावे. शाळेत नकाशा आणि प्रमाण शिकवीत होते. त्याने ती विद्या लगेच कामास लावली. खडू, फूटपट्टी आणि वही घेऊन तो आत्याच्या दारापासून सभागृहापर्यंत दोनदा चालला; एकदा आपल्या पावलांनी आणि एकदा आत्याच्या. आत्याच्या पावलांनी म्हणजे कसे? तिला घरातल्या घरात चालावयास लावून त्याने तिचे पाऊल फूटपट्टीने मोजले होते! त्याची पावले झाली ३१०, तर आत्याची ६४०.

वहीतला नकाशा त्याने मला दाखविला. त्यावर १८७९ साली बांधलेले, ज्याच्या नावाचा अर्थ 'स्वर्गाचे द्वार' असा होतो ते यहुदी बांधवांचे जुने प्रार्थनामंदिर होते, रिक्षांचा थांबा होता आणि औषधांचे दुकानही होते. पण ठळक अक्षरांत लिहिल्या होत्या त्या निराळ्याच गोष्टी. 'बंद दुकानाची पायरी – बसता येते.' 'गटारावरची फरशी हलते.' 'येथे मोटारसायकली उभ्या असतात, रस्त्यावर उतरावे लागते.' 'नवरात्रात येथून वाट बंद.' टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव साऱ्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहे; त्या दिवसांत तेथे पाय ठेवावयास जागा नसते, हे मीही जाणून होतो. पण आत्याच्या पायांना कोठे जागा असते, हे मी आजवर कधी पाहिले नव्हते. १८५३ साली मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी सुमारे ३४ किलोमीटर धावून याच ठाण्यास आली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. आणि आमच्या गल्लीतील एका म्हातारीला दारापासून कोपऱ्यापर्यंत जाण्यास पाव तास लागतो!

नकाशाच्या शेवटी जिना होता. 'पायऱ्या २२. सर्वांत बुटकी १७ सेंटिमीटर, सर्वांत उंच २३. कठडा डावीकडे. शेवटच्या तीन पायऱ्यांना कठडा नाही.'

"काका, आजींचा उजवा हात अजून धड नाही, तो ठीक, डावा हात कठड्याला लागेल," तो मुलगा म्हणाला. "पण उतरताना?"

उतरताना कठडा उजवीकडे येणार होता. मी तो जिना निदान शंभर वेळा चढलो-उतरलो असेन.

ती वही घेऊन मी इतर तिघांकडे गेलो. एकाने म्हटले, "तळमजल्यावर फुकट जागा कोण देणार?" दुसरे म्हणाले, "आत्याबाईंना आपण खुर्चीत बसवून उचलून नेऊ." हे मी आत्याला सांगितले मात्र, ती अशी संतापली की विचारू नका. "मी काय लग्नातली नवरी आहे, उचलून न्यायला?" सहाय्य आणि उपकार यांत काय भेद असतो, तो तिच्या त्या एका प्रश्नात मला कळला. जागेसाठी आम्ही दीड महिना हिंडलो. एका ठिकाणी आवाजाची अडचण निघाली, दुसऱ्या ठिकाणी आम्हांला आशेवर ठेवून पुढे नकार मिळाला. अखेर दुपारी भरणाऱ्या एका शाळेने सकाळच्या वेळी तळमजल्यावरचा एक वर्ग वापरू दिला. दाराशी दोन पायऱ्या होत्याच. त्यांवर एका सुताराने फळ्यांचा उतार करून दिला. तो पहिले आठ दिवस डुगडुगत असे.

आत्या तेथे चालत आली. बंद दुकानाच्या पायरीवर आणि औषधाच्या दुकानातील खुर्चीवर अशी दोनदा टेकून आली. ती खुर्ची दुकानदाराने तेव्हापासून बाहेरच मांडून ठेवली आहे. पहिल्या दिवशी बाईंनी तिला हात छातीशी बांधून उठावयास सांगितले. आत्याने तीनदा प्रयत्न केला; जमले नाही. बाई म्हणाल्या, "आजी, आज हात टेकून उठा. खुर्ची कुठे पळून जात नाही." तिसऱ्या आठवड्यात ती हात न टेकता एकदा उठली. दिवाळीपर्यंत अर्ध्या मिनिटात सहा वेळा उठू लागली. सहा हा आकडा काही मोठा नव्हे. गडावर जाणारे आमचे गृहस्थ चौदा वेळा उठतात. पण घरी येऊन तिने माळ्यावर टाकलेला पाट काढावयास लावला, तो धुतला आणि त्यावर बसून जेवली. उठताना तिने भिंतीकडे एकदा पाहिले, हात मात्र लावला नाही.

आता वर्गात सत्तावीस जण येतात. काठी घेऊन येणारे पाच आहेत. परवा त्या मुलाने वही उघडून बाईंपुढे धरली. आमच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. इमारतीला लिफ्ट नाही, आणि दीड वर्षात त्या खाली उतरलेल्या नाहीत. हे आम्हां चौघांपैकी कोणालाही माहीत नव्हते.

"पायऱ्या ५४," तो म्हणाला. "टेकायला दोन जागा आहेत. पण दुसऱ्या जागी कोणीतरी सायकल लावून ठेवली आहे."

बाईंनी खुर्च्या आवरण्याचे काम आमच्यावर सोपविले आणि पायांत चपला सरकविल्या.

"चल," त्या म्हणाल्या, "ती सायकल कोणाची आहे, ते आधी पाहू."