चासीचा रंग

जीपची बॉडी उतरवली त्या रविवारी गल्लीतली सहा पोरं मदतीला आली होती. बॉडीचे निम्मे बोल्ट पान्याने सुटले, निम्मे गंजून एकजीव झालेले. ते ग्राइंडरने कापले. बॉडी उचलून ओंडक्यांवर ठेवली आणि आमच्या हर्सूलच्या अंगणात उरली नुसती चासी. दोन लांब लोखंडी बाजू आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. आडव्या टाकलेल्या शिडीसारखी. अब्बा खाटेवर बसून बघत होते. पोरं चहा पिऊन गेली तरी ते उठले नाहीत.

जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बॅसिडर दुरुस्त करणाऱ्यांना हा प्रसंग येत नाही, कारण त्यांना वेगळी चासी नसतेच. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. जीपचं तसं नाही. इंजिन, पाटे, बॉडी, माणसं, सगळं या शिडीवर. गाडीचा नंबरही तिच्यावरच ठोकलेला. बॉडी बदलली तरी जीप तीच राहते. चासी गेली की आरटीओच्या लेखी गाडीच गेली.

आमची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. इंजिन उंच होतं म्हणून बॉनेटही उंच. अब्बांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. जिने ती बनवली, त्या कंपनीची सुरुवात १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. अब्बांना हे मी मोठेपणी सांगितलं. ते म्हणाले, “नाव काही असो, पाटे चांगले होते.”

मी वाळूजच्या एका कारखान्यात रंगाच्या विभागात आहे. रंग लावणं हे सगळ्यात छोटं काम, हे तिथे पहिल्या महिन्यात शिकलो. खरं काम आधीचं. चासीवर वर्षानुवर्षांचा चिखल, त्यावर गळलेलं ऑइल आणि त्यावर डांबराचा जाड थर. गंज धरू नये म्हणून डांबर मारायची पद्धत होती; पण ते तडकलं की आत पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. खरवडणीने थर काढला, डिझेलने पुसलं, मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला. नंबरच्या जागी मात्र ग्राइंडर नेला नाही, तिथे हातानेच पॉलिश पेपर मारला. तीन रविवार गेले.

साफ झालेल्या लोखंडावर छोट्या हातोडीने ठोकत जायचं. धड लोखंड खणखणतं, आतून खाल्लेलं भद्द बोलतं. मागच्या पाट्याच्या हँगरपुढे, डाव्या बाजूला, हातोडी भद्द वाजली. तिथलं डांबर सगळ्यात जाड होतं. खरवडलं तर खाली वीतभर लोखंडी पट्टी, वेल्डिंग करून बसवलेली. वेल्डिंग बाजूच्या खालच्या कडेला आडवं, थेट छेदून गेलेलं. असं कधी करू नये; सगळा ताण त्याच रेषेवर येतो. आणि त्या रेषेला लागूनच केसासारखी बारीक, नवी चीर.

मला घाम फुटला. ही जीप हर्सूलहून फुलंब्री, सिल्लोडला वडाप करायची. मागे समोरासमोर बाकडी, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं, लटकणारे वेगळे. सोळा-सोळा जण या चिरेवर बसून जात होते.

“अब्बा, हे तुम्हाला माहीत होतं?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, चासी फुलंब्रीच्या पुढे तडकली होती. रात्रीतून वेल्डिंग करून घेतलं, वर डांबर मारलं, सकाळी पुन्हा नंबराला लावली. दुसरी चासी घ्यायची ऐपत नव्हती. “पण त्या दिवसापासून अकराच्या वर माणूस घेतला नाही.”

“अम्मीला सांगितलं होतं?”

“धंदा मंदा आहे म्हणालो.”

मी तेव्हा नववीत होतो. त्या ईदला नवे कपडे झाले नव्हते. चुलतभावांचे झाले होते. मी अब्बांशी दोन दिवस बोललो नव्हतो, हे मला आठवतं. त्यांना आठवतं की नाही, मी विचारलं नाही.

पट्टी कापून काढली. चिरेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चीर खोदून वेल्डिंगने भरली आणि वरून शंकरपाळ्याच्या आकाराची नवी पट्टी बसवली, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. मग गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिड, धुणं, वाळवणं. इपॉक्सी प्रायमर मात्र पहिल्यांदा फसला. मे महिन्यातल्या दुपारी मारला. थेंब लोखंडावर पोचण्याआधी हवेतच सुकत होते. हात फिरवला तर सँडपेपर. सगळा घासून काढला आणि दुसऱ्यांदा फजरनंतर लगेच, वारा सुटण्याआधी मारला. तो बसला.

आठवड्याने काळा रंग कालवत होतो, तेव्हा अब्बा खाटेवरून उठून आले. त्या पट्टीपाशी वाकले.

“काला मत मार इसपे,” ते म्हणाले. “चीर गयी तो दिखना.”

मी इतकी वर्षं रंगाच्या कामात आहे. काळ्यावर चीर दिसत नाही, फिकटावर दिसते, हे मला माहीत होतं. तरी मी तिथेही काळाच मारणार होतो. सगळी चासी एकसारखी दिसावी म्हणून.

जीप आता उभी आहे. बॉडी बसली, खालचं कुणाला दिसत नाही. दर महिन्याला मी गोणपाट टाकून तिच्याखाली शिरतो. सगळी चासी काळी आहे. डाव्या बाजूला, हँगरपुढे, वीतभर जागा राखाडी. बॅटरी मारून बघतो. वरून अब्बा विचारतात, “क्या है?”

“कुछ नहीं,” मी म्हणतो.