दिलेला शब्द आणि पंचवीस वर्षं

या वीकांताचा विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. सिनेमा नाही, ट्रेक नाही, ऑनसाइटच्या गमतीजमती नाहीत. विषय आहे प्रत्यार्पण. एका देशात गुन्हा करून दुसऱ्या देशात पळालेल्या माणसाला परत आणणं. आपल्याला टीव्हीवर फक्त शेवटचा सीन दिसतो. विमानतळ, तोंडावर काळा कपडा, कॅमेऱ्यांची झुंबड. त्याआधी दोन देशांमध्ये काय बोलणं झालं, कोणी कोणाला काय लिहून दिलं, हे आतल्या पानावर चार ओळींत संपतं. मला त्या चार ओळींबद्दलच लिहायचंय.

उदाहरण आपल्या मुंबईचं घेऊ. अबू सालेम.

१२ मार्च १९९३. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, प्लाझा, सेंच्युरी बाजार... एकामागून एक स्फोट. २५७ माणसं गेली, सातशेच्या वर जखमी झाली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण आमच्या घरात हा विषय कधी जुना झाला नाही, कारण माझी आत्या त्या दुपारी वरळीत ऑफिसात होती. खिडकीची काच फुटून तिच्या दंडात घुसली. एक बारीक तुकडा खोल गेला होता, तो डॉक्टरांनी काढलाच नाही. "त्रास देत नाही तोवर राहू दे," म्हणाले. तो अजून आहे.

याच कटासाठी गुजरातमधून मुंबईत शस्त्रं आणून पोचवल्याचा आरोप सालेमवर होता (पुढे तो कोर्टात सिद्धही झाला). सप्टेंबर २००२ मध्ये तो पोर्तुगालमध्ये, लिस्बनला सापडला. झालं, आता आणायचा! पण इथेच गंमत सुरू होते.

बऱ्याच जणांना वाटतं की इंटरपोलची रेड नोटीस निघाली म्हणजे जगभर अटक वॉरंट निघालं. तसं नसतं. ती एक विनंती असते. तिचं काय करायचं हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. आणि त्या वेळी आपला पोर्तुगालशी प्रत्यार्पणाचा करारही नव्हता. त्यात पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच बंद केली, जन्मठेप १८८४ मध्ये. तिथे जास्तीत जास्त शिक्षा पंचवीस वर्षं. जिथे आरोपीला फाशी किंवा मरेपर्यंत कैद होऊ शकते अशा देशाच्या हाती, पक्की हमी मिळाल्याशिवाय, माणूस द्यायला त्यांची राज्यघटनाच आडवी येते.

मग आपण काय केलं? डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली. सालेमला फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवासही होणार नाही. शिवाय ज्या गुन्ह्यांसाठी तो दिला जाईल त्याच गुन्ह्यांसाठी खटला चालेल, हा प्रत्यार्पणातला जुना नियमही लागू होताच. आमच्या भाषेत सांगायचं तर एका फोल्डरचा अ‍ॅक्सेस मिळाला म्हणून अख्खा सर्व्हर उघडायचा नाही. तिथल्या कोर्टाच्या पायऱ्या चढत उतरत शेवटी नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईत आला.

आता पुढचं ऐका. इथे आल्यावर काही जादा कलमं लागली. त्याने लिस्बनच्या कोर्टात तक्रार केली. २०११ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने भारताने अट मोडली असं ठरवून प्रत्यार्पणच रद्द केलं आणि २०१२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. माणूस मात्र आपल्याकडेच होता. पोर्तुगाल काय करणार, नौदल पाठवणार? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इथल्या कायद्यापुरतं प्रत्यार्पण वैधच आहे. पण तरीही सीबीआयने काही जादा आरोप मागे घ्यायची परवानगी मागितली आणि २०१३ मध्ये न्यायालयाने ती दिली. जबरदस्ती करणारं कोणी नसताना आपण एक पाऊल मागे आलो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

सप्टेंबर २०१७ मध्ये टाडा कोर्टाने निकाल दिला. त्याच दिवशी, त्याच खटल्यात दोघांना फाशी झाली, सालेमला जन्मठेप. इथे आमच्या लंच टेबलवर कायम वाद होतो. जन्मठेप कशी झाली मग? शब्द तर पंचवीस वर्षांचा होता ना?

हे समजायला आयटीवाल्यांना वेळ लागू नये. सेल्सवाला क्लायंटला काहीतरी कबूल करून येतो. आपण म्हणतो, आम्हाला कोणी विचारलं होतं? कोर्टाचंही साधारण तेच म्हणणं होतं. हमी सरकारने दिली, न्यायाधीशांनी नाही, आणि सरकारच्या हमीने न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत. पण क्लायंटला आपली अंतर्गत भांडणं कशाला सांगायची? त्याला कंपनीने शब्द दिलाय. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुंता सोडवला. शिक्षा जन्मठेपेचीच राहील, पण पंचवीस वर्षं पूर्ण झाली की केंद्र सरकारने राष्ट्रपतींना त्यांच्या माफीच्या अधिकारात सुटकेचा सल्ला द्यायलाच हवा. देशाने दिलेला शब्द आहे. मोजणी १२ ऑक्टोबर २००५ पासून. पोर्तुगालमध्ये बनावट कागदपत्रांपायी काढलेली कैद त्यात धरायची नाही. सरळ हिशोब केला तर ऑक्टोबर २०३०.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. वकिली थाटात, मुद्देसूद. तिने पोहे परतता परतता ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग त्याला आणलाच कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. आत्या, शब्द दिला नसता तर तो आलाच नसता. तिकडची शिक्षा भोगून सुटला असता आणि कुठल्या तरी तिसऱ्या देशात, तिसऱ्या नावाने राहिला असता. खटला नाही, साक्षी नाहीत, निकाल नाही. आपल्याला निवड पंचवीस वर्षं की फाशी अशी नव्हतीच. पंचवीस वर्षं की काहीच नाही, अशी होती.

आणि आता शब्द मोडला तर? सालेमचं जे व्हायचं ते होईल, पण पुढचा माणूस अडकेल. कारण शब्द न पटण्याची किंमत आपण आधीच मोजलेली आहे. डिसेंबर १९९५ मध्ये बंगालमधल्या पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकली गेली. त्यातला किम डेव्ही हा डेन्मार्कचा नागरिक. २०१० मध्ये डेन्मार्कचं सरकार त्याला द्यायला तयार झालं होतं. पण २०११ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने नाही म्हटलं, कारण भारतात त्याचा छळ होईल अशी भीती. आपण पुन्हा मागणी केली, पुन्हा हमी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या कोर्टाने पुन्हा नाही म्हटलं. म्हणजे आपला कागद त्यांनी वाचला आणि त्यांना तो पुरला नाही.

विजय मल्ल्याच्या वेळी तर लंडनच्या न्यायाधीशांनी २०१८ मध्ये आर्थर रोड जेलच्या बारा नंबर बराकीचा व्हिडिओ मागवला होता. भर दुपारी काढलेला, आत उजेड येतो का ते दिसेल असा! तेव्हा लोकांनी खूप जोक केले. मला वाटतं जोक करण्यासारखं त्यात कमी आणि विचार करण्यासारखं जास्त होतं. आपल्याच कच्च्या कैद्यांसाठी तो उजेड आपण कधी मोजला होता का? परदेशातल्या न्यायाधीशाला आपल्या तुरुंगाची खिडकी बघावी लागते, कारण माणूस हाती दिल्यावर त्यांच्या हातात काही उरत नाही. उरतो फक्त आपला शब्द.

थोडक्यात काय, तर या सगळ्या कारभारात वर बसलेला कोणी पोलिस नाही. एका देशाचा न्यायाधीश दुसऱ्या देशाच्या कागदावर विश्वास ठेवतो की नाही, यावर सगळं चालतं. तो शब्द सालेमला दिलेला नाही, लिस्बनच्या कोर्टाला दिलेला आहे. आणि तो वाचणार आहेत कोपनहेगनपासून लंडनपर्यंतचे सगळे.

हे मी आत्यालाही पटवलं. पटलं असावं, कारण ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. शब्द दिला की पाळायचा. पण देताना आम्हाला कोणी विचारलं नाही रे. निदान कळवायचं तरी."

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. अजूनही नाही. तिला सालेम पंचवीस वर्षांत सुटू शकतो हे पेपरातून कळलं, तेही कितीतरी वर्षांनी. दोन देशांनी एकमेकांशी काय ठरवलं याचे कागद दिल्लीत असतात आणि लिस्बनमध्ये असतात. ज्यांच्या अंगात काचा राहिल्या त्यांच्या घरी त्यातलं एक पत्रही येत नाही. यायला काय हरकत आहे? फार मोठी गोष्ट नाही. एक साधं पत्र. असं असं ठरलंय, या कारणासाठी, आणि अमुक साली असं होईल.

२०३० मध्ये ती फाइल राष्ट्रपतींकडे जाईल तेव्हा पुन्हा टीव्हीवर आरडाओरडा होईल, देश विकला वगैरे. तेव्हा सुटका झाली तर मला ती आवडणार नाही. पण ती चूक आहे असंही मी म्हणणार नाही. त्याआधी आपल्याकडे काही वर्षं आहेत. तेवढ्यात कोणीतरी ती पत्रं लिहायला घ्यावीत, एवढंच वाटतं.